चोवीस वर्षं गप्प? आधी नीट शोधा

आज संशोधनातली एक साधी पण महागात पडणारी चूक बघू.

ब्रुकलिनचे दोन रॅपर, मॉस डेफ आणि तालिब क्वेली. ‘ब्लॅक स्टार’ या नावाने त्यांचा पहिला अल्बम १९९८ मध्ये आला आणि दुसरा थेट २०२२ मध्ये. मधली २४ वर्षं? ग्रुपच्या नावाने अल्बम शोधलात तर शून्य. पण मॉस डेफचा स्वतःचा अल्बम १९९९चा आहे, क्वेलीचा हाय-टेकबरोबरचा २०००चा. पुढे मॉस डेफने यासीन बे हे नाव घेतलं. दुसरा अल्बमही आधी एका पॉडकास्ट अ‍ॅपवर आला.

मी सायन्सवाला. लॅबच्या रिपोर्टमध्ये ‘आढळलं नाही’ याचा अर्थ ‘नव्हतं’ असा होत नाही. आपल्या यंत्राला दिसेल इतकं नव्हतं, एवढाच होतो. इतिहासात आपलं यंत्र म्हणजे आपण शोधलेलं नाव आणि चाळलेले कागद.

आता आपल्या परळ-लालबागला या. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. डफ, तुणतुणं आणि गिरणी कामगारांची भाषा! पुढे सरकारने बंदी घातली. इथून पुढे तुम्ही फक्त ‘लाल बावटा कलापथक’ शोधत बसलात, तर धागा तुटतो. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हेच तिघे शाहीर सभा गाजवताना दिसतात. अण्णाभाऊंची ‘फकिरा’ १९५९ची. नावांचा घोळ इथेही आहे: अण्णाभाऊ म्हणजे तुकाराम, अमर शेख म्हणजे मेहबूब.

म्हणून ‘निष्क्रिय काळ’ लिहिण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. माणसांनी नाव बदललं का? माध्यम बदललं का? आणि नोंद ठेवणारा कोण होता? गिरणगावातली गाणी चाळीत, मैदानात गायली गेली. ती सगळी रेकॉर्डवर कशी सापडतील? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४च्या पुस्तकासाठी कामगारांच्या मुलाखती घेतल्या, त्या यासाठीच मोलाच्या.

आपण थिसिसमध्ये ‘या काळात काही घडलं नाही’ असं लिहिलं, की पुढचा विद्यार्थी तेच वाक्य उचलतो. मग बंदी घालणाऱ्याचं उरलेलं काम आपल्याच हातून पुरं होतं.

तुमच्या विषयातलं एक ‘रिकामं’ दशक निवडा आणि या तीन प्रश्नांवर तपासून बघा.