चिंचवडच्या टाकीतले शेवटचे 48 तास

डासांचं औषध माणसाला फारसं बाधत नाही, म्हणून घरातल्या सगळ्यांनाच ते निरुपद्रवी वाटतं. खेकड्याच्या बाबतीत हा हिशेब चुकतो. खेकडा आणि डास हे दोघेही संधिपाद. दोघांची मज्जासंस्था सारख्याच पद्धतीने चालते आणि एकाच औषधाने कोलमडते. घरच्या टाकीत इवलेसे खेकडे पाळणाऱ्यांवर संकट कधी कधी येतं ते भांडणातून किंवा उपासमारीतून नाही, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेल्या एका सूचनेतून.

पुढचं घर कोणा एकाचं नाही. पावसाळा संपता संपता, डेंग्यूच्या दिवसांत, पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात अशी टाकी कोणत्या क्रमाने संपू शकते, तो क्रम एका घरात बसवून सांगितला आहे. त्यातलं पाणी, वीज, औषध आणि खेकडा यांचं वागणं मात्र खरं आहे.

मंगळवार, सायंकाळी 6 (48 तास आधी)

चिंचवडमधला दोन खोल्यांचा फ्लॅट. हॉलमध्ये टीव्हीशेजारी चाळीस लिटरची टाकी, तिच्यात जावा मॉसचा गुंता, काही गप्पी मासे, थोडी चेरी कोळंबी आणि दहा थाई मायक्रो क्रॅब. मुलगा चाकणला एका कारखान्यात पहिल्या पाळीत आहे. दिवसा घरी आई असते.

या खेकड्याचं शास्त्रीय नाव लिम्नोपिलोस नैयानेत्री. चुआंग आणि पीटर इंग यांनी 1991 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ फैबुल नैयानेत्र यांचं नाव त्याला दिलं. कवच जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. नांग्यांवर आणि पायांवर बारीक केस, त्या केसांत अडकलेले अन्नकण तो वेचून खातो. बँकॉकच्या पश्चिमेला वाहणाऱ्या ता चिन नदीत तो जलपर्णीच्या मुळांत राहतो. पवना आणि इंद्रायणीतून जी जलपर्णी काढायला महापालिका दरवर्षी यंत्रं आणि माणसं लावते, तिचीच मुळं याचं घर. जमिनीवर येण्याची त्याला गरज नसते, सगळं आयुष्य पाण्यात.

दहातल्या एका मादीच्या पोटाखाली अंडी आहेत. नराच्या पोटाची झडप अरुंद, त्रिकोणी असते. मादीची रुंद आणि गोलसर, आणि अंड्यांचा घोस तिच्याखाली चिकटलेला. टाकीत या जातीची मादी अंडी सहज धरते, पण पिल्लं मोठी झाल्याची उदाहरणं जगभरात मोजकीच. त्यामुळे हा आठवडा या घरात महत्त्वाचा आहे.

मंगळवार, रात्री 9 (45 तास आधी)

शहराला नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी येतं. पवना धरणाचं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीत शुद्ध होतं. सह्याद्रीच्या पावसाचं हे पाणी मुळात हलकं, क्षार कमी. पण आज पाण्याचा वार नाही. सोसायटीने टँकर मागवला आणि तो बोअरचा निघाला. वरच्या टाकीत दोन्ही पाणी एक झालं.

आठवड्याचं पाणी बदलायचं म्हणून मुलाने दोन बादल्या काढल्या, दोन ओतल्या. क्लोरीन घालवायचे थेंब आठवणीने टाकले. पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर कपाटातच राहिला. तो बुडवला असता तर नेहमीच्या दीडशेच्या जागी चारशेच्या पुढचा आकडा दिसला असता.

मासे थोडे सैरभैर होऊन शांत झाले. खेकड्यासाठी मात्र पाण्यातले क्षार म्हणजे कवचाचा कच्चा माल, आणि शरीरात किती पाणी घ्यायचं हेही त्यावरच ठरतं. क्षारांत अचानक बदल झाला की जे खेकडे काही दिवसांनी कात टाकणार असतात, ते आधीच टाकू शकतात.

बुधवार, पहाटे 5.30 (साडेछत्तीस तास आधी)

कंपनीची बस गाठण्याआधी मुलाने बॅटरी मारून टाकीत पाहिलं. मॉसच्या टोकाला एक खेकडा निपचित. जवळून पाहिलं तर आत काहीच नाही: काचेसारखं पारदर्शक कवच, डोळ्यांचे देठ, पायांची टोकं, केससुद्धा जसेच्या तसे, आणि मागच्या बाजूला फट. कात. त्याने ती टाकीतच ठेवली, कारण तिच्यातला चुना खेकडे परत खातात. हे त्याने बरोबर केलं.

कात टाकलेला खेकडा मॉसच्या तळाशी दडलेला असतो. नवं कवच टणक होईपर्यंत तो मऊ, फुगलेला आणि आजूबाजूचं पाणी भराभर शोषून घेणारा. पाण्यात जे असेल ते या काळात त्याच्या अंगात सर्वांत लवकर जातं. दुपारपर्यंत आणखी दोघांनी कात टाकली.

बुधवार, सकाळी 11 (31 तास आधी)

सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली: "उद्या सकाळी 10.30 वाजता डासांसाठी धुरळणी होईल. खिडक्या-दारं उघडी ठेवावीत. खाद्यपदार्थ झाकून ठेवावेत. लहान मुलं व वृद्धांनी काळजी घ्यावी." खाली अंगठ्यांची रांग लागली. फिश टँकबद्दल सूचनेत काही नव्हतं, कोणी विचारलंही नाही.

बुधवार, रात्री 11 (19 तास आधी)

मादी काचेला पाठ लावून बसली होती. भिंग धरल्यावर अंड्यांचा रंग बदललेला दिसला. प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे. अंडी फुटायला आता फार वेळ नाही.

सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या खेकड्यांची रीत वेगळी आहे. तिथे अळीची अवस्था अंड्याच्या आतच उरकते, अंड्यातून थेट इवला खेकडा निघतो आणि आई त्याला काही दिवस पोटाखाली घेऊन फिरते. या खेकड्यांचा अभ्यास याच शहरात होतो. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. तिथले समीरकुमार पती, तसंच तेजस ठाकरे आणि अनिल खैरे यांनी 2016 मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या पाच नव्या जाती जगासमोर मांडल्या. त्यातल्या दोन घाटियाना या रंगीत खेकड्यांच्या गटातल्या.

थाई मायक्रो क्रॅबच्या अंड्यातून मात्र पाण्यात तरंगणारी अळी निघते. तिला डोळ्यांना न दिसणारं अन्न लागतं आणि जोराचा फिल्टर तिला ओढून घेतो. म्हणून या टाकीत हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आहे. अळ्यांसाठी याहून सुरक्षित फिल्टर नाही. पण त्याचा पंप टाकीशेजारी टेबलावर असतो आणि खोलीतली हवा ओढून बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडतो.

गुरुवार, सकाळी 9.30 (साडेआठ तास आधी)

वीज गेली. गुरुवार हा पुणे परिसरात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, त्यामुळे आईला नवल वाटलं नाही. पंप थांबला. पाणी 28 अंशांवर, जीव मोजके, झाडं भरपूर, उजेड चांगला. तीन-चार तास या टाकीला काही झालं नसतं. पंखा बंद म्हणून आईने हॉलची खिडकी सताड उघडली.

गुरुवार, सकाळी 10.30 (साडेसात तास आधी)

खाली यंत्र सुरू झालं. डिझेलमध्ये मिसळलेल्या पायरेथ्रॉइडचा पांढरा धूर पार्किंगमधून जिन्यात आणि तिथून मजल्यांवर चढला. आईने पोळ्यांचा डबा झाकला, दुधावर ताटली ठेवली, पदर नाकाला लावला आणि आतल्या खोलीत गेली. टाकीला झाकण नव्हतं.

पायरेथ्रॉइड हे शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम या झाडाच्या फुलांतल्या विषाचं कारखान्यात बनलेलं रूप. चेतापेशींवरची सोडियमची दारं ते बंद होऊ देत नाही. चेता पुन्हा पुन्हा पेटत राहते, आधी थरथर, मग लकवा. माणसाचं यकृत हे विष झपाट्याने फोडतं. कीटक आणि खेकडे-कोळंबी यांना ते तितकंसं जमत नाही. मासेही नाजूकच, पण कवचधारी त्यांच्याही आधी जातात.

धुराचे थेंब पाण्यावर बसले आणि तेलाचा पातळ थर पसरला. पंप बंद असल्याने विष बरंचसं वरच राहिलं. या क्षणी टाकी वाचू शकत होती. टिपकागद पाण्यावरून फिरवून तो थर काढता आला असता.

गुरुवार, दुपारी 12.45 (सव्वापाच तास आधी)

वीज आली. धूर दिसेनासा झाला होता, वास मात्र पडद्यांना होता. पंप आपोआप सुरू झाला आणि खोलीतली तीच हवा पाण्यात जाऊ लागली. बुडबुड्यांनी वरचा थर ढवळून तळापर्यंत नेला. पाणी पुन्हा खळखळू लागल्याचं पाहून आईला बरं वाटलं.

गुरुवार, दुपारी 1.30 (साडेचार तास आधी)

आधी कोळंबी. ती काचेवर आपटत, गिरक्या घेत वर-खाली धावू लागली. मग कात टाकलेले तीन खेकडे मॉसमधून सुटून तळाशी आले.

मुलाचा चहाच्या सुट्टीत फोन आला.

"अरे, तुझे ते खेकडे उताणे पडलेत. नुसते पाय हलवतायत."

"कात टाकत असतील गं आई. कालपासून चाललंय त्यांचं. हात नको लावूस, त्या वेळी हात लावला की मरतात."

"बरं बाबा. आणि ते धूरवाले येऊन गेले."

"हो, मेसेज होता."

दोन्ही गोष्टी एकाच फोनवर बोलल्या गेल्या आणि एकमेकींना जोडल्या गेल्या नाहीत. कात टाकणारा खेकडा आडवा होतो हे खरं. पण त्याचे पाय थरथरत नाहीत, आणि तीन खेकडे एकाच वेळी उताणे पडत नाहीत.

गुरुवार, दुपारी 3.15 (पावणेतीन तास आधी)

पाळी सुटली. बस तळेगाव चौकातच अडकली. पुढे कुरुळी, मोशी, भोसरी. नाशिक महामार्गावर संध्याकाळच्या आधी हे अंतर किती वेळात कापलं जाईल, हे रोज जाणारासुद्धा सांगत नाही. टाकीत कोळंबी शांत झाली होती. मेलेले जीव कुजू लागले की अमोनिया वाढतो, आणि बोअरच्या पाण्याने सामू वर गेलेला असला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

गुरुवार, सायंकाळी 5.10 (50 मिनिटं आधी)

मुलगा घरी पोचला तेव्हा सहा खेकडे गेलेले, चार थरथरत होते. गप्पी पोहत होते. मासे ठीक आहेत म्हणजे पाणी ठीक आहे, असा अर्थ त्याने काढला आणि रोग समजून कपाटातलं माशांचं औषध टाकलं. माशांच्या अनेक औषधांत तांबं असतं. खेकड्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं हिमोसायनिन तांब्याचंच, तरी पाण्यात विरघळलेलं तांबं त्याचे कल्ले निकामी करतं.

गुरुवार, सायंकाळी 6 (शून्य)

दहाही खेकडे मेले. मादी शेवटी गेली. अंड्यांतले डोळे तसेच दिसत होते, अंडी फुटली नाहीत.

हे कुठे थांबलं असतं

टँकरचं पाणी ओतण्याआधी मीटर बुडवला असता तर खेकडे अवेळी मऊ झाले नसते. सूचना वाचल्यावर पंपाचा प्लग काढून टाकीवर प्लॅस्टिक आणि ओला टॉवेल टाकला असता, तर पंपाविना काही तास टाकी आरामात निघाली असती. वीज आल्यावर खोली मोकळी होईपर्यंत पंप सुरू होऊ दिला नसता, तर विष तळाशी गेलं नसतं. दीड वाजताही उपाय होता: पंप बंद, निम्मं पाणी साठवलेल्या पाण्याने बदलायचं आणि टाकीत सक्रिय कोळशाची पिशवी ठेवायची. पायरेथ्रॉइड पाण्यापेक्षा कोळशाला जास्त चिकटतं. अनोळखी औषध मात्र कधीच नाही.

ही खबरदारी धुरळणीपुरती नाही. भिंतीत लावायचं लिक्विड, अगरबत्ती, झुरळांचा स्प्रे, कुत्र्याच्या गोचिडांचं औषध, यांत अनेकदा याच गटातली रसायनं असतात. टाकी असलेल्या खोलीत ती वापरू नयेत.

डेंग्यूच्या दिवसांत धुरळणी थांबवा असं कोणी म्हणणार नाही. पण खाद्यपदार्थ झाकायला सांगणाऱ्या प्रत्येक सूचनेत सोसायट्यांनी आणि महापालिकेने आणखी एक ओळ घालावी: "घरात फिश टँक असल्यास तो झाकावा आणि हवेचा पंप बंद ठेवावा." तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सूचनेत ती ओळ नसेल, तर ग्रुपवर तुम्ही टाका.