पशूंची स्मृती : सञ्ञा की अनुस्सती?

आचार्य बुद्धघोषांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकात ‘विसुद्धिमग्गा’त सञ्ञेचे विवेचन करताना एका हरिणपाडसाचा दाखला दिला आहे. गवताचे बुजगावणे पाहून पाडसाला तो माणूसच वाटतो. सुतार लाकडावर खूण करून ठेवतो, तशी पुन्हा ओळख पटावी म्हणून खूण करणे हे सञ्ञेचे कार्य होय. पुब्बेनिवासानुस्सतीचे स्वरूप याहून निराळे आहे. तीत त्या त्या जन्मातील आपले नाव, गोत्र, आहार, सुखदुःख आणि आयुर्मर्यादा आठवते, असे सुत्ते सांगतात. म्हणजे तेथे केवळ ओळख नसते. घटना, स्थळ आणि ती अनुभवणारा असे सारेच उपस्थित असते.

पशूंच्या वाट्याला यातील पहिलेच येते काय? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात जवळजवळ हाच भेद मांडला होता. त्याच्या मते स्मृती पुष्कळ प्राण्यांना असते. शोध घेऊन आठवणे मात्र माणसालाच जमते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी 1972 मध्ये सामान्य ज्ञानाची स्मृती आणि प्रसंगांची स्मृती यांची फारकत केली. दुसरी मानवापुरतीच आहे, या मतावर ते पुढेही ठाम राहिले.

या मताला खरा हादरा 1998 मध्ये निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांच्या प्रयोगाने बसला. कावळ्याच्या कुळातील स्क्रब जे हा पक्षी अन्न पुरून ठेवतो. त्याला मेणपतंगाच्या अळ्या अधिक आवडतात, परंतु त्या लवकर कुजतात, शेंगदाणे टिकतात. पुरल्यानंतर 4 तासांनी सोडलेले पक्षी अळ्यांच्या जागी गेले. 124 तासांनी मात्र, अळ्या कुजतात हा अनुभव घेतलेले पक्षी शेंगदाण्यांकडे वळले. ज्यांना नेहमी ताज्या अळ्याच मिळत आल्या होत्या, ते तेव्हाही अळ्यांच्याच जागी गेले. चाचणीच्या वेळी पुरलेले अन्न काढून घेतलेले होते, त्यामुळे वासाची शंका उरत नाही. काय, कुठे आणि केव्हा, या तिन्ही गोष्टी पक्ष्याच्या ध्यानात होत्या.

तरीही संशोधकांनी ‘प्रसंगस्मृतीसदृश’ असाच सावध शब्द वापरला, आणि तो आम्हांला योग्य वाटतो. पक्ष्याला ‘हे मीच पुरले’ अशी जाणीव होते की नाही, हे वर्तनावरून कळत नाही. 2016 मध्ये हंगेरीतील क्लॉडिया फुगाझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची परीक्षा घेतली. मालकाची कृती पाहून कुत्रे आडवे होत. तशी सवयच त्यांना लावलेली होती. मग अनपेक्षितपणे नक्कल करण्याची आज्ञा झाली. 1 मिनिटाने आणि 1 तासानेही पुष्कळांना ती कृती आठवली. लक्षात ठेवायचे आहे हे ठाऊक नसताना आठवले, हे येथे विशेष महत्त्वाचे.

पाडसाच्या दाखल्यावरून ‘पशूला केवळ सञ्ञा असते’ असे आम्ही वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. मूळ पाठ पुन्हा वाचला असता तेथे फक्त पाडसाची चूक सांगितलेली आढळते. त्याला आठवत नाही, असे बुद्धघोष म्हणत नाहीत. तो निष्कर्ष आमचा होता.