तबकडीचा नाद आणि अंकांचा नाद

अंत्रुज महालातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांचा स्वर आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करीत आहे. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे आणि तीत केसरबाईंची भैरवी आहे. याने निघाली त्याच वर्षी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाई निवर्तल्या.

ही तबकडी ॲनालॉग पद्धतीची होय. गायकाच्या कंठातून उठलेली हवेची लहर जशीच्या तशी खाचेत कोरली जाते आणि सुई त्याच वाटेने पुन्हा चालते. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ केला तेव्हापासून तत्त्व हेच.

१९८२ साली सोनी व फिलिप्स यांची कॉम्पॅक्ट डिस्क जपानात विक्रीस आली. तिच्यात लहर कोरलेली नसते, मोजलेली असते. सेकंदास ४४,१०० वेळा मोजमाप घेऊन प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर नोंदविले जाते. येथूनच वादास तोंड फुटले. दोन मापांमधील फटीतून स्वराचा प्राण निसटतो, असे तबकडीचे अभिमानी म्हणू लागले. खरखर गेली, झीज गेली, आणखी काय हवे, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे.

वास्तविक या फटीचे उत्तर क्लॉड शॅनन यांनी १९४९ सालीच प्रसिद्ध केले होते. लहरीतील सर्वोच्च कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा मोजले, तर मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारे २०,००० कंपनांची. २००७ साली मेयर व मोरन यांनी अधिक सूक्ष्म मापाचे ध्वनिमुद्रण आणि तेच कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापातून काढलेले, असे दोन्ही श्रोत्यांना ऐकविले. ५५४ पैकी २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजे छापा-काटा करून सांगावे तसेच. तबकडीचा जो ऊबदारपणा रसिकांस भावतो, तो बहुतांशी तबकडीने स्वतः भर घातलेला रंग आहे. तो गोड वाटतो, हे मात्र खरे.

परंतु खरी हानी या वादाच्या कितीतरी आधी होऊन गेली होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तासभर फुलणारा ख्याल तेवढ्यात बसवावा लागे. विलंबित लयीतील तो विस्तार ना खाचेत उतरला, ना अंकांत उतरणार.

यास्तव ज्या घरांत जुन्या तबकड्या अद्याप आहेत, त्यांनी त्या अंकांत उतरवून घ्याव्यात, कारण प्रत्येक वादनागणिक खाच झिजते. मूळ तबकडी मात्र टाकू नये. उद्या अधिक चांगली सुई आली, तर खाचेत दडलेले आणखी काही तीच ऐकवील.