नाऱ्याची हरणे आणि अरण्य : करुणेला प्रज्ञेची जोड

हरीण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सारनाथचे मृगदाव उभे राहते. तथागतांनी पहिला धम्मोपदेश तिथेच केला. पण हरणांचा असाच एक इतिहास दूर जपानमधील नारा या नगरीतही आहे, आणि तो आपण समजून घेण्यासारखा आहे.

नारा इ.स. ७१० मध्ये जपानची राजधानी झाली. तिथल्या तोदाईजी विहारातील महाबुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्खूंच्या हस्ते झाला. ७६८ मध्ये कासुगा हे शिंतो देवस्थान उभे राहिले. तिथला देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी आख्यायिका आहे, म्हणून हरणे पवित्र ठरली. मागच्या कासुगा डोंगरावर ८४१ मध्ये शिकार आणि वृक्षतोड बंद झाली. ते अरण्य आजही उभे आहे. १९९८ साली त्याचा जागतिक वारशात समावेश झाला.

मात्र या पावित्र्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मध्ययुगात कोफुकुजी या बलाढ्य मठाच्या हाती सत्ता होती आणि हरीण मारणाऱ्याला देहदंड मिळे. जनावर पवित्र आणि माणूस कवडीमोल! हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. याला करुणा कशी म्हणायची?

दुसऱ्या महायुद्धाच्या उपासमारीत हरणे जेमतेम ७९ उरली. १९५७ मध्ये त्यांना कायद्याने राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण मिळाले आणि नारा उद्यानातील संख्या पुढे हजारावर गेली. त्यांना खाणारा लांडगा तर केव्हाच संपला होता. जपानमधला शेवटचा ज्ञात लांडगा १९०५ साली याच नारा प्रांतात मिळाला होता.

मग नवीच अडचण आली. हरणे शेतात शिरू लागली. शेतकरी कोर्टात गेले, १९८५ मध्ये तडजोड झाली आणि हरणांच्या संरक्षणासाठी वेगवेगळे विभाग आखले गेले. तिकडे अरण्यात हरणे कोवळी रोपे खाऊन टाकत. जुना वृक्ष कोसळला की त्याच्या जागी नवा उगवेना. हरणे ज्यांना तोंड लावत नाहीत, ती नागीसारखी झाडेच तेवढी माजली. वरून हिरवेगार दिसणारे रान आतून म्हातारे होत चालले.

उपाय दोन झाले. अरण्यात जागोजागी कुंपणे घालून रोपे जगवण्याचे काम सुरू झाले. आणि २०१७ पासून बाहेरच्या विभागातील काही हरणे ठरावीक मर्यादेत पकडून मारली जाऊ लागली. उद्यान आणि देवस्थानाच्या परिसरातील हरणांना मात्र पूर्ण अभय राहिले. यावर तिथेही वाद झालेच.

आपण काय म्हणावे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही. कुंपणाने भागत असेल तिथे शस्त्र उचलू नये. जिथे भागत नाही तिथे शेतकरी, अरण्य आणि हरीण या तिघांचाही विचार करावा, आणि मारताना मनात आनंद नसावा.

एकाच जिवाचे लाड करून बाकीच्यांची उपासमार करणे ही मैत्री नव्हे. मैत्री सर्वांसाठी असते, रोपट्यासाठीसुद्धा. विहाराच्या अंगणात आपल्या मुलांनी लावलेल्या रोपाला आपण कुंपण घालतो ना, तेही त्याच मैत्रीचे काम आहे.

भवतु सब्ब मंगलं!