औषध लागू का होत नाही? लिम्फोमाचा ऐंशी वर्षांचा इतिहास

इनामगावच्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कांद्यावरच्या फुलकिड्यांवर तेच औषध वारंवार मारलं, की ते लागू होईनासं होतं. औषधाला पुरून उरलेले थोडे किडे वाचतात आणि पुढे त्यांचीच पैदास वाढते. हेच कॅन्सरमध्ये घडलं, की मात्र आपण तकदीरला किंवा रुग्णाच्या पथ्याला बोल लावतो. मी भाषेचा शिक्षक. पण हा गैरसमज दूर व्हावा म्हणून हा इतिहास मांडतो आहे.

लिम्फोमा हा रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. मानेत, काखेत, जांघेत गाठी येतात. ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अशा एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्ड दिलं गेलं. युद्धातल्या विषारी मस्टर्ड वायूच्या नात्यातलं हे रसायन. गाठी झपाट्याने विरल्या. पण त्या परत आल्या. दुसऱ्या खेपेला गुण कमी आला, तिसऱ्या खेपेला त्याहून कमी. डिसेंबरमध्ये रुग्ण दगावला. केमोथेरपी आणि तिला दाद न देणाऱ्या पेशी, दोन्हींचा इतिहास असा एकाच खाटेवर सुरू झाला.

पेशी दाद का देत नाहीत? १९७६ मध्ये कॅनडातल्या संशोधकांना काही पेशींच्या आवरणावर एक प्रथिन सापडलं. ते पंपासारखं आत आलेलं औषध बाहेर फेकतं. बिघडलेल्या पेशीने स्वतःहून मरावं, अशी सोय शरीरात असते. बीसीएल-२ नावाचं जनुक हे मरण रोखतं, हे १९८८ मध्ये दिसलं. आणि हे जनुक मुळात लिम्फोमातच सापडलं होतं. काही पेशी औषधाने तुटलेला डीएनए दुरुस्त करतात. अब्जावधी पेशींच्या गर्दीत अशा चिवट पेशी कधीकधी उपचाराआधीच असतात. औषध बाकीच्यांना मारतं आणि यांना रान मोकळं होतं.

उपाय निघाला तो एकजुटीतून. १९६४ पासून अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमावर चार औषधं एकत्र दिली जाऊ लागली. त्यातलं एक तेच १९४२ चं नायट्रोजन मस्टर्ड. दुसरं व्हिन्क्रिस्टिन, आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढलेलं. एका औषधातून निसटलेली पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते. एकेकटी हरलेली औषधं मिळून लढली आणि जवळपास निम्मे रुग्ण कायमचे बरे झाले.

पुढची पायरी आपल्या मुंबईत पडली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवणारी कार-टी उपचारपद्धती तयार झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली, तीही केमोला दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या बी-पेशींच्या कॅन्सरसाठी. तिच्यातूनही काही पेशी निसटतात. त्या आपली ओळखखूणच पुसून टाकतात. लढाई संपलेली नाही.

या इतिहासातून दोन गोष्टी घ्याव्यात. गाठ विरली म्हणून केमो अर्ध्यावर सोडू नये, कारण उरलेल्या पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. आणि आजार उलटला, तर रुग्णाला दोष देऊ नये. दुआ जरूर करावी, पण डॉक्टरांना विचारावंही, की आता दुसरं कोणतं औषध आहे.