शेतसारा आणि शाळा

१८८२ साली हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक सरळ हिशेब मांडला : सरकारी तिजोरी भरते ती बहुतांशी रयतेच्या श्रमाने, शिक्षणाचा पैसा मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. म्हणून १२ वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. नामदार गोखले यांचे १९११ चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक फेटाळले गेले. कोल्हापुरात मात्र राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये हे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. देशभर शिक्षणहक्काचा कायदा अमलात येण्यास २०१० साल उजाडले.

आपले मंडळ शिष्यवृत्त्या देते, हे भूषणावहच आहे. परंतु ते दान होय. शाळा हा करभरू रयतेचा हक्क आहे. आपल्या गावच्या शाळेला तिचा वाटा पुरता मिळतो काय, हे विचारणे हेही ज्ञातिकार्यच समजावे.