सायलिल ट्रान्स्फरेज

सायलिल ट्रान्स्फरेज हा सायलिक आम्ल ही शर्करा प्रथिनांवरील व मेदांवरील शर्करासाखळ्यांना जोडणाऱ्या विकरांचा, म्हणजेच एन्झाइमांचा, समूह आहे. मानवी शरीरात अशी २० विकरे आढळतात. सायलिक आम्ल बहुधा साखळीच्या टोकाशी असते. ते कोणत्या बंधाने जोडले गेले आहे, यावर पेशीची ओळख आणि काही विषाणूंचा तिच्यातील प्रवेश अवलंबून असतो.

नाव

स्वीडनचे गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गुरांच्या लाळग्रंथीतील श्लेष्म्यापासून सायलिक आम्ल वेगळे केले. लाळेच्या ग्रीक नावावरून ते ओळखले जाऊ लागले. ‘ट्रान्स्फरेज’ म्हणजे रेणूचा भाग एकीकडून दुसरीकडे नेणारे विकर.

कार्यपद्धती

सायलिक आम्ल सुटे असताना साखळीला जोडले जात नाही. प्रथम ते सायटिडीन मोनोफॉस्फेट या रेणूशी बांधले जाते आणि मग पेशीतील गॉल्जी पिंडात पोहोचते. तेथील पटलात रुतलेले विकर ते उचलून साखळीवर बसविते व वाहक रेणू मोकळा होतो.

प्रकार

बंधाच्या जागेनुसार चार कुले मानतात.

• एसटी३गॅल (६ विकरे) : गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवर
• एसटी६गॅल (२) : गॅलॅक्टोजच्या सहाव्या कार्बनवर
• एसटी६गॅलनॅक (६) : एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसअमाइनच्या सहाव्या कार्बनवर
• एसटी८सिया (६) : आधीच्या सायलिक आम्लाच्या आठव्या कार्बनवर

आरोग्यातील महत्त्व

रक्तातील अनेक प्रथिनांचे सायलिक आम्ल गळून पडले की यकृत ती प्रथिने ओळखून रक्तातून काढून टाकते. एसटी३गॅल५ या विकराच्या जनुकात दोष असल्यास जीएम३ हा शर्करायुक्त मेद तयार होत नाही. अशा बालकांना तीव्र अपस्मार होतो व त्यांची वाढ खुंटते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासह काही कर्करोगांत एसटी६गॅल१ चे प्रमाण वाढलेले आढळते.

बर्ड फ्लू आणि महाराष्ट्र

इन्फ्लुएंझाचा विषाणू पेशीवरील सायलिक आम्लाला चिकटूनच आत शिरतो. पक्ष्यांतील विषाणूंना तिसऱ्या कार्बनवरील बंध मानवतो, तर माणसांत नेहमी पसरणाऱ्या विषाणूंना सहाव्या कार्बनवरील. माणसाच्या नाकात व श्वासनलिकेत प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारचा बंध असतो. पहिल्या प्रकारचा बंध फुप्फुसाच्या खोल भागात अधिक आढळतो. म्हणून पक्ष्यांचा विषाणू माणसांत सहजासहजी पसरत नाही; परंतु बाधित कोंबड्यांच्या निकट वावरणाऱ्यास झालेली लागण गंभीर ठरू शकते. अर्थात, प्रजातींमधील अडसर केवळ या बंधामुळेच नसतो.

भारतातील कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणू प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. तेथील कोंबड्या मोठ्या प्रमाणावर नष्ट कराव्या लागल्या. २०२५ च्या आरंभी मराठवाड्यात लातूर जिल्ह्यातील उदगीर व धाराशिव जिल्ह्यातील ढोकी येथे कावळे या रोगाने मेल्याचे निष्पन्न झाले. विषाणूत बदल होऊन तो सहाव्या कार्बनवरील बंधाला चिकटू लागल्यास माणसांत साथ पसरण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा नमुन्यांतील विषाणूच्या जनुकीय तपासणीला महत्त्व आहे. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुसंवर्धन विभागाला कळविणे आवश्यक असते.